वातापि गणपतिम्
मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) यांची हंसध्वनी रागातील संस्कृत कृती; अनेक कर्नाटक मैफली हिनेच सुरू होतात. नावामागची कथा महाभारताच्या वनपर्वातली. इल्वल हा असुर आपला भाऊ वातापी याला मेंढा करी आणि त्याचे मांस रांधून ब्राह्मणांना वाढी. जेवण उरकले की हाक मारी. वातापी पोट फाडून बाहेर येई. अगस्त्य मुनींनी मात्र सगळे मांस एकट्याने खाऊन पचवले. हाकेला उत्तर आले ते निव्वळ वायूचे! गंमत म्हणजे कृतीत हा प्रसंग नाहीच. कुंभातून जन्मलेल्या मुनीने, म्हणजे अगस्त्यांनी, पूजिलेला गणपती, एवढाच धागा. वातापी हे बदामीचेही जुने नाव. तिथून पल्लव सेनेने या गणपतीची मूर्ती तमिळ देशी नेली, अशी परंपरा आहे.