कागदाची साक्ष, कापडाची साक्ष

टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात हॅरी रॅन्सम सेंटर हे संग्रहालय आहे. ‘गॉन विथ द विंड’ (१९३९) या चित्रपटाचे निर्माते डेव्हिड ओ. सेल्झनिक यांचे मेमो, तारा, करार, रेखाटने असा मोठा कागदसंग्रह तिथे आहे. त्याच्याबरोबर स्कार्लेट ओ’हाराच्या भूमिकेत व्हिव्हियन लीने घातलेले काही पोशाखही उरले आहेत. कागद आणि कापड एकाच छपराखाली टिकल्यामुळे वॉल्टर प्लंकेट या वेशभूषाकाराचे काम पुराव्यानिशी मांडता येते. त्या काळातल्या फार थोड्या वेशभूषाकारांना हे भाग्य लाभले. कपडे स्टुडिओच्या मालकीचे असत. एका चित्रपटासाठी शिवलेला झगा उसवून दुसऱ्या नटीच्या मापाचा केला जाई आणि त्याच्याबरोबर मूळ कामाचा पुरावाही जाई.

प्लंकेटचा जन्म १९०२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडचा. बर्कलीला त्याने कायद्याचे शिक्षण घेतले, पण ओढा रंगभूमीकडे होता. १९२६ च्या सुमारास तो एफबीओ या छोट्या स्टुडिओच्या कपडेपटात लागला. हाच स्टुडिओ पुढे आरकेओमध्ये सामावला गेला. ‘लिटल विमेन’ (१९३३) सारख्या चित्रपटांमुळे जुन्या काळाचे कपडे बिनचूक उभे करणारा माणूस असा त्याचा लौकिक झाला. जुलै १९३६ मध्ये सेल्झनिक यांनी मार्गारेट मिचेलच्या ‘गॉन विथ द विंड’ या कादंबरीचे हक्क ५०,००० डॉलरला घेतले. त्यानंतर चित्रपटाच्या कपड्यांसाठी प्लंकेटचे नाव पुढे येणे साहजिक होते.

इथे आपल्यापुढे चार साक्षी आहेत: कादंबरी, सेल्झनिक यांचे कागद, प्रत्यक्ष पोशाख आणि प्लंकेटने उतारवयात सांगितलेल्या आठवणी. शेवटची साक्ष सर्वांत रंजक आहे. म्हणूनच ती सर्वांत जपून वापरायला हवी. अमेरिकेच्या दक्षिणेत फिरून आपण जुन्या कपड्यांचे नमुने गोळा केले, यादवी युद्धातल्या नाकेबंदीच्या काळात टाचण्या मिळत नसल्याने बायका काट्यांनी कपडे अडकवत आणि तसेच काटे आपण चित्रपटात वापरले, असे तो सांगत असे. ही हकीकत त्याच्याच तोंडची असल्याने आठवण म्हणूनच ती नोंदवावी. कादंबरीत स्कार्लेटचे कपडे जवळजवळ सगळे हिरवेच आहेत हे आपण मिचेलबाईंच्या लक्षात आणून दिले, ही त्याची दुसरी आठवण. ती मात्र तपासता येते. पहिल्याच पानावर हिरव्या फुलांची मलमल आहे, मेजवानीला हिरवीच मलमल, खिडकीच्या पडद्यांतून शिवलेला झगा शेवाळी हिरवा आणि स्कार्लेटचे ज्याच्यावर मन आहे त्या अॅशलीच्या वाढदिवसाचा पोशाखही हिरवा. चित्रपटात तोच वाढदिवसाचा पोशाख गर्द तांबड्या मखमलीचा झाला. तिचा नवरा रेट याने तिला बेशरम दिसायलाच भाग पाडलेले असते. त्या प्रसंगाला हा रंग कादंबरीतल्या हिरव्यापेक्षा कितीतरी जास्त साजतो, असे मला वाटते.

सेल्झनिक यांच्या मेमोंमधून निराळेच चित्र दिसते. प्रत्येक झालरीवर निर्मात्याचे लक्ष होते. रेट साकारणाऱ्या क्लार्क गेबलचे कपडे अंगावर नीट बसत नाहीत, यावर त्यांनी कपडेपटाला खरमरीत लिहिले. पोर्चवरच्या सुरुवातीच्या प्रसंगात स्कार्लेट आधी हिरव्या फुलांच्या पोशाखात होती. ती अधिक कोवळी, निष्पाप दिसावी म्हणून सेल्झनिक यांनी तो प्रसंग पांढऱ्या झालरींच्या पोशाखात पुन्हा चित्रित करून घेतला. म्हणजे प्रेक्षकांना स्कार्लेटचे जे पहिले दर्शन होते, त्यामागचा निर्णय निर्मात्याचा होता. श्रेयनामावलीत स्कार्लेटच्या टोप्यांचे श्रेय जॉन फ्रेडरिक्स यांना दिलेले आहे. ‘प्लंकेटने सगळे केले’ असे लिहिणाऱ्यांनी ती एकदा डोळ्यांखालून घालावी.

पडद्यांच्या झग्यात मात्र प्लंकेटचा हात स्वच्छ दिसतो. युद्धाने कंगाल झालेली स्कार्लेट टारा या आपल्या घरातले मखमली पडदे उतरवते आणि पैसे मागायला निघताना त्यांचाच झगा करून घालते. पडद्याचे दोर आणि गोंडेच कमरेला येतात. उन्हात लटकलेला पडदा जागोजागी विटणारच, म्हणून ही मखमलही विटकी दिसायला हवी. २०१० मध्ये रॅन्सम सेंटरने पोशाखांच्या जतनासाठी देणग्यांतून ३०,००० डॉलर उभे केले. काम सुरू झाल्यावर प्रश्न आला: झग्यावरचे फिकट पट्टे नंतरच्या प्रदर्शनांत झालेले नुकसान आहे की मूळचे? जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिल्यावर ते चित्रीकरणाच्या वेळीही होते असे दिसले. जे नुकसान वाटत होते ते वेशभूषाकाराचे कसब होते. कुणी उत्साहाच्या भरात ते पट्टे ‘दुरुस्त’ केले असते तर हा पुरावाच पुसला गेला असता.

त्या काळातली कागदपत्रे एक अस्वस्थ करणारी गोष्टही सांगतात. स्कार्लेटच्या घरातली गुलाम दाई मॅमी हिच्या डोक्यावरचे फडके कसे बांधावे यावर पत्रापत्री झाली. मिचेलबाईंनी त्यात पडायचे टाळले. दुसरीकडे, एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वॉल्टर व्हाइट १९३८ मध्येच गुलामगिरीच्या चित्रणाबद्दल सेल्झनिक यांना लिहीत होते. फडक्याच्या गाठीसाठी इतकी काळजी घेतली गेली. पण ते बांधणाऱ्या बाईच्या गुलामीविषयी तेवढी आच चित्रपटात दिसत नाही. प्लंकेटच्या सचोटीचे कौतुक करताना मला हे वगळता येत नाही. मॅमी साकारणाऱ्या हॅटी मॅकडॅनिएलला १५ डिसेंबर १९३९ च्या अटलांटातल्या शुभारंभाला वंशभेदामुळे जाता आले नाही.

त्या वर्षी वेशभूषेसाठी ऑस्कर नव्हतेच. १९४८ च्या चित्रपटांपासून ते सुरू झाले. तोवर प्लंकेट एमजीएम स्टुडिओत गेला होता. ‘सिंगिंग इन द रेन’ (१९५२) त्याचाच. ‘सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स’ (१९५४) साठी त्याने जुन्या गोधड्यांतून मुलींचे कपडे बेतले. त्याला मिळालेले एकमेव ऑस्कर ‘अॅन अमेरिकन इन पॅरिस’ (१९५१) साठीचे, आणि तेही तिघांत वाटलेले. त्यातल्या बॅलेचे कपडे आयरीन शराफचे आणि बाकी बरेचसे ऑरी-केली यांचे होते. प्लंकेटचा वाटा होता काळ्या-पांढऱ्या नृत्यसमारंभाचा. १९८२ मध्ये तो वारला.