टेबलाला आवळलेले स्टिअरिंग

घरगुती रेसिंग सिम्युलेटरचे पाच भाग असतात: स्टिअरिंग, पेडल, या दोहोंना धरून ठेवणारा सांगाडा, आसन आणि पडदा. जाणकार आज नवख्याला खरेदीचा क्रम सांगतात तो असा: आधी न हलणारा सांगाडा, मग चांगला ब्रेक, आणि उरलेल्या पैशांत स्टिअरिंग. बाजारात मात्र ही साधने जवळजवळ उलट क्रमाने आली. सुरुवात स्टिअरिंगपासून झाली. त्यात जोर आला तेव्हा टेबल डगमगू लागले. टेबल सोडून सांगाड्यावर बसल्यावर ब्रेकचा पोकळपणा पायाला कळला. प्रत्येक सुधारणेने पुढची उणीव उघडी पाडली.

यंत्रात बसवून माणसाला वाहन शिकवण्याची कल्पना विमानांकडून आली. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन गावी एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. त्याच कारखान्यातले भाते आणि हवेच्या झडपा वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये जमिनीवरच डोलणारे, वळणारे विमान तयार केले. ते बरीच वर्षे जत्रेतल्या पाळण्यासारखे करमणुकीपुरते राहिले. १९३४ मध्ये अमेरिकी सैन्याने टपाल विमाने चालवायला घेतली आणि खराब हवेत वैमानिक दगावू लागले, तेव्हा सैन्याने लिंक यांची सहा यंत्रे घेतली. सिम्युलेटरच्या इतिहासात हे पुढेही दिसते: एक पाय करमणुकीत, दुसरा प्रशिक्षणात.

मोटारशर्यतीचे यंत्र मात्र सरळ करमणुकीसाठीच जन्मले. अटारी कंपनीच्या १९७४च्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ या आर्केड यंत्राला स्टिअरिंग, गिअरचा दांडा आणि दोन पेडल होती. पडद्यावर ट्रॅक वरून दिसे, ठिपक्याठिपक्यांचा. १९७६च्या ‘नाइट ड्रायव्हर’ने चालकाच्या नजरेतून रस्ता दाखवला. रस्ता म्हणजे काळ्या पडद्यावर अंगावर धावून येणारे पांढरे खांब, एवढेच. रात्रीचा देखावा निवडल्याने बाकीचे चितारायची गरजच उरली नाही. ‘पोल पोझिशन’ १९८२ मध्ये आला, ‘आउट रन’ १९८६ मध्ये. ‘आउट रन’च्या मोठ्या यंत्रात खेळणारा गाडीच्याच आकाराच्या आसनात बसे आणि ते आसन वळणावर कलत असे.

या सगळ्यांत वेगळे ठरले ते अटारी गेम्सचे १९८९चे ‘हार्ड ड्रायव्हिन’. त्यात क्लच होता, चार गिअर आणि न्यूट्रल होते, गाडी सुरू करायला किल्ली फिरवावी लागे. गाडीच्या हालचालींचे गणित बसवायला वाहन-गतिशास्त्राचे अभ्यासक डग मिलिकन यांची मदत घेतली होती. मुख्य म्हणजे स्टिअरिंगमागे मोटर होती आणि ती चालकाच्या हाताला उलटा जोर देत होती. घरी पोहोचायला या गोष्टीला आणखी जवळपास दहा वर्षे लागली.

घरी तोवर खेळ पुढे आणि साधने मागे अशी स्थिती होती. जेफ क्रॅमंड यांचा ‘रेव्ज’ १९८४ मध्ये बीबीसी मायक्रो संगणकावर आला; पपायरस या अमेरिकी संस्थेचा इंडियानापोलिस ५०० शर्यतीवरचा खेळ १९८९ मध्ये. दोन्हींत टायरची पकड, वजनाचे पुढेमागे सरकणे यांचा हिशेब होता, पण खेळणाऱ्याच्या हातात कीबोर्ड किंवा जॉयस्टिक. कीबोर्डची कळ एक तर दाबलेली असते, नाही तर सोडलेली. अर्धे वळण तिला माहीत नाही. महाराष्ट्रातल्या सायबर कॅफेंत ‘नीड फॉर स्पीड’ खेळत वाढलेल्या पिढीला हे ठाऊक आहे: बाणाची कळ टकटक मारत मारत वळण कापायचे, आणि तेच कौशल्य मानायचे.

थ्रस्टमास्टर ही ऑरेगनमधली कंपनी विमानांच्या खेळांसाठी दांडे बनवत होती. १९९०च्या दशकाच्या मध्यावर तिने संगणकासाठी चाक आणि दोन पेडलांचा संच काढला. अशा सुरुवातीच्या स्टिअरिंगची रचना साधी होती. चाकाच्या दांड्याला पोटेन्शिओमीटर, म्हणजे रेडिओचा आवाज कमीजास्त करायला असतो तसला फिरता रोधक. आणि चाक मधोमध परत आणायला स्प्रिंग किंवा रबरी दोरी. रोधकातल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसली की पडद्यावरची गाडी सरळ रस्त्यावर आपोआप गचके खाई. मग झाकण उघडून स्प्रे मारायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा तेच.

दुसरी अडचण संगणकाच्या मागच्या पंधरा पिनांच्या गेमपोर्टची. त्यातून एकूण चारच अक्ष वाचता येत, आणि खेळ बहुधा जॉयस्टिकचे दोनच अक्ष धरून लिहिलेले असत. म्हणून पुष्कळ संचांत अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक एकाच अक्षाची दोन टोके म्हणून जोडलेले असत. दोन्ही एकदम दाबले की एकमेकांना खाऊन टाकत. ब्रेकवर पाय असतानाच थोडा अ‍ॅक्सिलरेटर देणे हे खऱ्या शर्यतीतले रोजचे काम, पण त्या संचांवर ते अशक्यच. यूएसबी रुळल्यावर हा प्रश्न संपला. आजही एखाद्या जुन्या खेळात ‘संयुक्त पेडल’ असा पर्याय दिसतो, तो त्याच काळाचा अवशेष.

१९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या खेळांसाठीच्या डायरेक्टएक्स प्रणालीत फोर्स फीडबॅकची, म्हणजे मोटरने हाताला उलटा जोर देण्याची, सोय आली आणि पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनेच साइडवाइंडर मालिकेतले मोटर असलेले स्टिअरिंग विकायला काढले. फोर्स फीडबॅक म्हणजे थरथर, असा समज तेव्हापासून टिकून आहे, आणि सुरुवातीच्या अनेक खेळांनी तो खरा करून दाखवला: कडेच्या पट्ट्यावर चाक गेले की खडखड, धडक बसली की झटका. खरे काम त्याहून सूक्ष्म आहे. गाडी वळते तेव्हा पुढची चाके स्वतःहून सरळ व्हायला बघतात आणि तो ताण स्टिअरिंगवाटे हाताला लागतो. टायरची पकड सुटत आली की हा ताण गाडी घसरण्याच्या जरा आधीच कमी होतो. स्टिअरिंग हातात हलके पडते. कसलेला चालक त्या हलकेपणावरून पुढचे ओळखतो. खेळाने टायरचे गणित नीट केले असेल आणि मोटरने ते इमानाने पोचवले असेल, तरच घरी बसलेल्याला ती सूचना मिळते. १९६७च्या ग्रांप्री हंगामावरचा पपायरसचा ‘ग्रांप्री लेजंड्स’ १९९८ मध्ये आला. पंख नसलेल्या, अरुंद टायरच्या त्या गाड्या कीबोर्ड-जॉयस्टिकला दाद देईनात. हौशी मंडळी स्टिअरिंगकडे वळली त्यात या खेळाचा वाटा मोठा आहे.

प्लेस्टेशनवरच्या ‘ग्रॅन टुरिस्मो’ने स्टिअरिंगची ही गोडी लाखो घरांत नेली. पहिला भाग १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये आला. २००१च्या तिसऱ्या भागासोबत लॉजिटेकचे जीटी फोर्स स्टिअरिंग विक्रीस आले. ते एखाद्या खेळण्यासारखे थोडेच फिरे. त्यानंतरचे ड्रायव्हिंग फोर्स प्रो ९०० अंश, म्हणजे पूर्ण अडीच फेऱ्या फिरू लागले, रस्त्यावरच्या साध्या मोटारीसारखे. २००६चे जी२५ हे घरगुती साधनांतले पहिले सर्वसंमत ‘पुरेसे’ साधन म्हणता येईल: दोन मोटरी, तिरप्या दातांची चक्रे, चामड्याचे वेष्टण, तीन पेडल आणि सहा गिअरांचा दांडा. त्याचा दोष दातांतच होता. दातांमध्ये किंचित मोकळीक असल्याने मधोमध चाक सैल लागे आणि रात्री घरच्यांची झोपमोड करणारी खडखड होई. त्यावर तोडगा म्हणून दातांऐवजी पट्टा आला; जर्मनीतल्या लँड्सहूटच्या फॅनाटेकने आणि थ्रस्टमास्टरने पट्ट्याची स्टिअरिंगे काढली. पट्टा गुळगुळीत आणि शांत असतो, पण बारीक कंपने गिळून टाकतो.

जोर वाढला तशी टेबलाची पंचाईत झाली. स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला शिकंज्यांनी आवळायचे, पेडल पायाखाली ठेवायचे आणि चाकांच्या खुर्चीवर बसायचे ही रूढ पद्धत. जोरात ब्रेक मारला की पेडल पुढे सरकणार आणि खुर्ची मागे जाणार. मग पेडलांच्या मागे भिंतीला टेकवून फळी ठोकायची आणि खुर्चीची चाके जुन्या बुटांत घालून ठेवायची, असे उपाय निघाले. बुटांचा उपाय आजही चालतो. नेदरलँड्समध्ये प्लेसीट कंपनीने १९९५ पासूनच आसन, स्टिअरिंग आणि पेडल एकत्र धरणारी चौकट विकायला काढली होती, पण नळ्यांच्या हलक्या चौकटी पुढच्या मोटरींच्या जोराने वाकू लागल्या. शेवटी ज्या खाचांच्या अ‍ॅल्युमिनिअम पट्ट्या कारखान्यांत यंत्रांचे सांगाडे उभारायला वापरतात, त्याच घरात शिरल्या. चाळीस बाय चाळीस किंवा चाळीस बाय ऐंशी मिलिमीटरच्या या पट्ट्यांना खाचेत नट सरकवून काहीही कुठेही कसता येते. दिसायला रुक्ष, पण स्टिअरिंग बदलले तरी सांगाडा टाकावा लागत नाही. आधी सांगाडा घ्या, या सल्ल्यामागे हेच गणित आहे.

ब्रेकची गोष्ट सर्वांत उशिरा लक्षात आली. जुन्या पेडलांत स्प्रिंग आणि पोटेन्शिओमीटर असत. पेडल किती सरकले हे मोजले जाई. खऱ्या शर्यतीच्या गाडीत ब्रेकला मदतनीस यंत्रणा सहसा नसते, पेडल फारसे सरकत नाही, आणि चालक पायाच्या दाबावर विसंबून असतो. फॉर्म्युला वनमध्ये हा दाब शंभर किलोच्या पुढे जातो. पाय किती अंतर गेला हे शरीराला नीट लक्षात राहत नाही, किती जोर लावला हे राहते. म्हणून लोडसेल आला. लोडसेल म्हणजे धातूचा छोटा ठोकळा, त्यावर चिकटवलेल्या बारीक तारांच्या जाळ्या. दाबाने ठोकळा डोळ्याला दिसणार नाही इतका वाकतो, तारा ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल मोजला जातो. किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा याच तत्त्वावर चालतो. अनेक हौशींनी काट्यातला लोडसेल काढून जुन्या पेडलात बसवला आणि मध्ये रबराचा तुकडा घालून ब्रेक टणक केला. लोडसेल बसवल्यावर एकाच ठिकाणी फेरीमागून फेरी सारखाच ब्रेक लागू लागतो. स्टिअरिंगवर दुप्पट पैसे घालून जेवढा वेळ कमी होत नाही तेवढा इथे होतो, असा बहुतेकांचा अनुभव आहे आणि तो पटण्याजोगा आहे.

इकडे स्टिअरिंगमध्येही पुढची पायरी आली: डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे मध्ये दाते नाहीत, पट्टा नाही, स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावर. इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनजवळ लिओ बोडनार यांनी औद्योगिक सर्व्हो मोटर वापरून अशी स्टिअरिंगे बनवली, पण ती व्यावसायिक संघांनाच परवडणारी होती. मग हौशींनी कारखान्यातल्या यंत्रांसाठी बनणाऱ्या चिनी मिगे मोटरी मागवून घरीच जुळणी सुरू केली. फिनलंडच्या ग्रॅनाइट डिव्हायसेसने त्यासाठी मोटर चालवणारी विद्युत-मंडळे पुरवली आणि पुढे सिम्युक्यूब नावाने तयार स्टिअरिंगच काढले. २०१९च्या सिम्युक्यूब २ मालिकेत १७, २५ आणि ३२ न्यूटन-मीटर अशा तीन पायऱ्या होत्या. आकड्याचा अर्थ असा: तीस सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेला १० न्यूटन-मीटर म्हणजे जवळपास सात किलोचा ओढा, २५ म्हणजे सतरा किलोचा. जुन्या दात्यांच्या स्टिअरिंगचा जोर दोन-अडीच न्यूटन-मीटर, म्हणजे दीड-पावणेदोन किलो. धडकेच्या क्षणी सतरा किलोचा ओढा अंगठा मुरगाळू शकतो, म्हणून अशा स्टिअरिंगसोबत तातडीने बंद करायचे लाल बटण देतात. फॅनाटेकने २०२१ मध्ये सीएसएल डीडी हे ५ न्यूटन-मीटरचे, वेगळ्या वीजपुरवठ्याने ८ पर्यंत जाणारे स्टिअरिंग काढले आणि हा प्रकार सामान्य ग्राहकापर्यंत आला. त्यापाठोपाठ मोझासारख्या चिनी कंपन्या उतरल्या आणि पट्ट्याच्या स्टिअरिंगचे दिवस भरले.

पडद्याचा हिशेब स्वस्त आहे, तरी तोच सर्वांत जास्त चुकतो. सत्तावीस इंची पडद्याची रुंदी सुमारे साठ सेंटिमीटर. डोळे तेवढ्याच अंतरावर असतील तर पडदा नजरेच्या ५३ अंशांत बसतो. ऐंशी सेंटिमीटरवर नेला की ४१ अंशांत. खेळात हाच कोन भरला तर वेगाचा आणि वळणाच्या अंतराचा अंदाज खरा येतो. पण इतका अरुंद देखावा पाहून नवखा घाबरतो आणि कोन वाढवतो; मग सगळी वळणे लांब आणि वेग जास्त वाटू लागतो. पडदा जवळ आणणे हा फुकटचा उपाय. त्यापुढे तीन पडदे, म्हणजे सुमारे १६० अंश, किंवा २०१६ मध्ये बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्टसारखा आभासी वास्तवाचा चष्मा.

या साधनांवर घडलेला चालक खऱ्या शर्यतीत चालतो का, याचे उत्तर निसान आणि सोनीच्या जीटी अकादमी या, खेळाडूंतून चालक निवडणाऱ्या स्पर्धेने दिले. २००८च्या पहिल्या स्पर्धेचा विजेता लुकास ओर्दोन्येस २०११ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या गटात दुसऱ्या आलेल्या संघात होता. २०२०च्या टाळेबंदीत फॉर्म्युला वन आणि नॅसकारचे व्यावसायिक चालक घरच्या संचांवर प्रेक्षकांसमोर शर्यती खेळले आणि साधनांची मागणी वाढली. ती लाट सगळ्यांना लाभली नाही. फॅनाटेकची मालक कंपनी एंडोर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि कॉर्सेर या कंपनीने तिचा व्यवसाय विकत घेतला.

तुटकपणा मात्र अजून आहे. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स आपापल्या परवान्याचीच स्टिअरिंगे ओळखतात, त्यामुळे खेळाचे यंत्र कोणते हे आधी ठरवावे लागते. संगणकावर हे बंधन नाही. एका कंपनीचे चाक दुसरीच्या मोटरवर थेट बसत नाही, कारण झटकन काढण्या-लावण्याचा सांधा प्रत्येकीचा वेगळा. त्यातल्या त्यात समान आहे ती सत्तर मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर सहा स्क्रूंची मांडणी. ती खऱ्या शर्यतीच्या गाड्यांकडून जशीच्या तशी आली आहे, त्यामुळे भंगारात निघालेल्या रेसकारचे चाकही मधला जोडतुकडा मिळाला की घरच्या मोटरवर कसता येते.