गोडी आणि बक्षीस

माणूस काम कशासाठी करतो आणि मूल विद्या कशासाठी शिकते, हा प्रश्न मानसशास्त्राने हाती घेण्याच्या पुष्कळ आधी राज्यकर्त्यांपुढे येऊन ठाकला होता. वेतन, बढती, बक्षीस किंवा शिक्षेचा धाक ही बाहेरून लावलेली प्रेरणा. हातातल्या कामातच रस वाटणे ही आतून उमलणारी. या दोहोंपैकी अंदाजपत्रकात तरतूद करता येते ती फक्त पहिलीची. म्हणून सरकारचा ओढा सदैव तिच्याकडे असतो.

मी राहतो ते कोहका आज भिलाई शहरात सामावून गेले आहे. परंतु दुर्ग जिल्ह्याचा हा सारा मुलूख मूळचा भातशेतीचा. 2 फेब्रुवारी 1955 रोजी पोलाद कारखान्याविषयी सोव्हिएत संघाशी करार झाला, तेव्हा हा जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूर होती. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. नांगर धरणाऱ्या घरांत कारखान्याची हजेरी आणि मुलांची पाटी जवळजवळ एकदमच शिरली. अशा घरातले मूल शाळेकडे कशाने वळते? या प्रश्नाचे मला ठाऊक असलेले सर्वांत समंजस उत्तर भिलाईच्या जन्मापूर्वी पाऊणशे वर्षे पुण्यात लिहिले गेले. ते जोतीराव फुले यांचे. पण ते कशाला दिलेले उत्तर होते हे कळण्यासाठी आधी विलायतेत डोकावले पाहिजे.

इंग्लंडमध्ये 1862 साली रॉबर्ट लो यांनी प्राथमिक शाळांच्या अनुदानाचे नवे नियम अमलात आणले. शाळेला मिळावयाचे पैसे सरासरी हजेरीवर दरडोई चार शिलिंग आणि परीक्षेवर आठ शिलिंग असे बांधून देण्यात आले. वाचन, लेखन व गणित यांपैकी ज्या विषयात मूल नापास होईल, त्या प्रत्येक विषयामागे दोन शिलिंग आठ पेन्स कापले जात. हिशेब चोख होता. व्यापाऱ्याने माल तपासून पैसे द्यावेत, तसे सरकारने विद्या तपासून पैसे द्यावयाचे! शाळा-तपासनीस असलेले कवी मॅथ्यू अर्नोल्ड यांनी या पद्धतीवर कडाडून टीका केली. झाले ते त्यांच्या भीतीप्रमाणेच. ज्या विषयांना पैसे नाहीत ते मागे पडले, आणि नेमलेले पुस्तक मुलांकडून इतके घोकून घेतले जाऊ लागले की पुस्तक उलटे धरले तरी पाठ म्हणण्यात खंड पडू नये.

हीच पद्धत मुंबई इलाख्यातही आली. 1854 च्या वुड यांच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याचे धोरण ठरवून दिले होते; त्या अनुदानाचे माप आता परीक्षेच्या निकालाने होऊ लागले. वर्षातून एकदा डिपोटी गावात यावयाचा, मुलांना प्रश्न विचारावयाचा, आणि त्या एका दिवसावर शाळेचा जमाखर्च ठरावयाचा. (आम्हा सरकारी नोकरांचा डिपोटी म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल. तो जवळ आला की कचेरीतील कामाचा वेग कसा वाढतो, हे श्रोत्यांपैकी कित्येकांना माहीत असेल.)

3 फेब्रुवारी 1882 रोजी हंटर शिक्षण आयोग नेमला गेला, आणि 19 ऑक्टोबरला जोतीरावांनी त्याला आपले इंग्रजी निवेदन सादर केले. त्याखाली त्यांनी आपली ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी दिली आहे. 1848 पासून मुलींसाठी आणि अस्पृश्यांसाठी शाळा चालविलेल्या माणसाचे हे निवेदन म्हणजे तक्रारअर्ज नव्हे. त्यात लोकल फंडाची वाटणी आहे, शिक्षकाचा पगार आहे, मोडी आणि बालबोध वाचन-लेखनापासून शेतीच्या मूलतत्त्वांपर्यंतचा अभ्यासक्रम आहे.

निकालावर अनुदान देण्याविषयी त्यांचे मत दोन-तीन वाक्यांतच आले आहे. पण ती वाक्ये मला फार मोलाची वाटतात. ही पद्धत गरीब आणि अशिक्षित लोकांच्या गरजांना जुळणारी नाही, असे ते म्हणतात. कारण त्या लोकांत विद्येची गोडी अद्याप निर्माणच झालेली नाही. अशा वस्तीत स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढण्यास कोणी शिक्षक धजणार नाही. त्याचे पोटच चालणार नाही. म्हणून ती गोडी लागेपर्यंत सरकारी शाळा आणि खास उत्तेजन ही अपरिहार्य आहेत.

येथे एखादा श्रोता विचारील, की बक्षिसाच्या पद्धतीला विरोध करणारे जोतीराव त्याच निवेदनात मुलांना बक्षिसे व शिष्यवृत्त्या मागतात, इतकेच नव्हे तर शिक्षकांना विद्यार्थीसंख्येवर भत्ता मागतात, हे कसे? विसंगती वरवरची आहे. त्यांचे उत्तेजन मुलाला दारात आणण्यासाठी आहे. निकालावरचे अनुदान आधीच दारात आलेल्या, घरी विद्येचे वातावरण असलेल्या मुलांवर शिक्षकाचे लक्ष खिळवून ठेवते. ज्या मुलाच्या नापास होण्याने पैसे कापले जाणार, ते मूल शाळेत घेण्याचा मोह शिक्षकाला का व्हावा? केवळ चुरशीवर दिलेल्या शिष्यवृत्त्यांविषयीही त्यांचा हाच आक्षेप होता: तत्त्वतः न्याय्य, पण इतर वर्गांत शिक्षण पसरविण्यास निरुपयोगी. आणि डिपोटीची वर्षाकाठची एक भेट त्यांना पुरेशी वाटत नव्हती. निदान तीन महिन्यांतून एकदा तपासणी व्हावी, शिवाय मधूनमधून न कळवता भेटी द्याव्यात, अशी त्यांची सूचना आहे. दिखाऊ तयारीवर याहून स्वस्त उपाय मला तरी माहीत नाही.

1973 साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर एक प्रयोग केला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिले. काहींना ते अवचित दिले. काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळात पाहिले, तो आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रे काढीत होती. या प्रयोगाचा दाखला देऊन बक्षिसे सरसकट वाईट ठरविणारे एक गोष्ट विसरतात, की त्या मुलांना गोडी आधीच होती. जोतीरावांपुढचा प्रश्न ती नसलेल्यांचा होता.

कारखान्यातील कामाचेही असेच आहे. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे मानवशास्त्रज्ञ जोनाथन पॅरी यांनी 1990 नंतरच्या काळात भिलाईच्या कामगारांचा दीर्घ अभ्यास केला. शेतकऱ्याला घड्याळाचे काम जाचते, अशी विद्वानांची जुनी समजूत. पण येथील गावकऱ्यांना शेतातले कामच अधिक कष्टाचे वाटत होते, आणि तरुण पिढी तर त्याकडे तुच्छतेने पाहू लागली होती. नियमित पगार हे निश्चितच आकर्षण होते. परंतु कामाची गोडी ही त्याच्या मानमरातबापासूनही वेगळी काढता येत नाही. जोतीरावांना याची जाण होती. खेड्यातील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातलाच, वेळ पडल्यास नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यास न लाजणारा असावा, असा त्यांचा आग्रह होता. शाळेत गेलेल्या मुलाला बापाच्या कामाची लाज वाटू लागली, तर त्या शाळेने दिलेल्या बक्षिसाची किंमत घरातल्या कोणी मोजली, हा प्रश्न भिलाईत आजही विचारता येईल.

आयोगाने प्राथमिक शाळांना सामान्यतः निकालावरच मदत द्यावी अशी शिफारस केली. मात्र मागासलेल्या भागांतील शाळांसाठी वेगळ्या नियमांची सवलत ठेवली. 1890 मध्ये इंग्लंडने स्वतः ही पद्धत बव्हंशी मोडीत काढली. त्याच वर्षी 28 नोव्हेंबरला जोतीराव वारले. हिंदुस्थानात मात्र लॉर्ड कर्झन यांच्या सरकारचा मार्च 1904 चा ठराव येईपर्यंत तिला अखेरचा निरोप मिळाला नाही. निवेदनातली बारा वर्षांपर्यंतच्या सक्तीची मागणी तर आणखी लांबली. गोखल्यांनी 1911 साली मांडलेले विधेयक पुढच्याच वर्षी फेटाळले गेले, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो 1 एप्रिल 2010 रोजी. त्याआधी, 15 ऑगस्ट 1995 पासून, केंद्र सरकारने शाळेत येणाऱ्या मुलांच्या दुपारच्या जेवणाची योजना सुरू केली होती. ते जेवण कोणत्याही परीक्षेच्या निकालावर अवलंबून नाही.