शाहू : एक नाव, अनेक धनी

साताऱ्यास शाहूपुरी आहे आणि कोल्हापुरासही शाहूपुरी आहे. पहिलीस ज्या राजाचे नाव आहे तो १७४९ साली निवर्तला. दुसरीस ज्याचे, तो त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, १८७४ साली जन्मास आला. तथापि ‘शाहू महाराज’ एवढेच शब्द उच्चारले की बोलणाऱ्याच्या मनात एक आणि ऐकणाऱ्याच्या मनात दुसरा, असा प्रकार सुशिक्षित मंडळींतही वारंवार घडतो. तेव्हा या एका नावाचा प्रवास वाचकांपुढे मांडावा असे आम्हांस वाटले.

प्रथम शब्द पाहू. संस्कृत ‘साधु’पासून प्राकृतात ‘साहु’ झाला व त्यातूनच आपला ‘साव’ निघाला. चोर आणि साव ही आपल्या बोलण्यातील नित्याची जोडी. सावकार हाही त्याच कुळातला. मूळचा सचोटीचा मनुष्य पुढे व्याजाच्या वहीमुळे बदनाम झाला, ही गोष्ट निराळी. दुसरीकडे फारशी ‘शाह’ म्हणजे राजा. शहाजीराजांचे नाव नगरच्या शाह शरीफ या पीराच्या नवसावरून ठेवले अशी परंपरा आहे. म्हणजे ‘शाहू’ या दोन अक्षरांत एका कानास सज्जन ऐकू येतो आणि दुसऱ्या कानास बादशहा!

ज्यांच्यामुळे हे नाव इतिहासात आले त्यांचे जन्मनाव मात्र शाहू नव्हतेच. संभाजीराजे व येसूबाई यांच्या या पुत्राचे, १६८२ साली जन्म झाला तेव्हा, आजोबांवरून शिवाजी असे नाव ठेवले होते. १६८९ साली रायगड पडला आणि सात वर्षांचा हा मुलगा मातेसह मोगलांच्या छावणीत कैद झाला. आजा आणि बाप यांस लुटारू समजणाऱ्या औरंगजेबाने या मुलास मात्र ‘साव’ म्हटले व त्यावरून शाहू हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी माना वा न माना, हे नाव स्वराज्याच्या पाळण्यात नव्हे, तर शत्रूच्या छावणीत रूढ झाले, एवढे निश्चित.

पण याच नावाने पुढे मोठे काम केले. १७०७ साली औरंगजेबाच्या मृत्यूनंतर सुटका होऊन शाहू दक्षिणेत परतले, तेव्हा गादीवर ताराबाईंचा पुत्र होता आणि त्याचेही नाव शिवाजीच होते! एका गादीवर हक्क सांगणारे दोघे चुलत भाऊ, दोघेही शिवाजी. परत आलेल्या राजपुत्राने जन्मनावच चालविले असते, तर ‘शिवाजी छत्रपती’ यांचे पत्र हाती पडल्यावर गावच्या देशमुखाने कोणाचा हुकूम पाळावा? ताराबाईंच्या पक्षाने तर हा पुरुष तोतया आहे असाच आक्षेप घेतला. नागपूरकर भोसल्यांचे मूळपुरुष परसोजी यांनी शाहूंबरोबर एका ताटात भोजन करून तो संशय दूर केला असे सांगतात. खेडच्या लढाईनंतर, १७०८ च्या जानेवारीत, साताऱ्यास राज्याभिषेक झाला. आणि कैदेत मिळालेले ते नाव बाजीराव पेशव्यांच्या मुद्रेत ‘राजा शाहू’ म्हणून मानाने विराजमान झाले.

साताऱ्याच्या गादीवर १७७७ साली दत्तक आलेल्या राजाचेही नाव शाहूच. नाव तेच, पण सत्ता नाही. कारभार पुण्यास आणि छत्रपती साताऱ्यास जवळजवळ नजरकैदेत. १८०८ साली हे दुसरे शाहू निवर्तले. पहिल्याने कैदेतून निघून हे नाव राज्यपदास नेले. दुसऱ्याच्या वाट्यास राजाचे नाव येऊनही कैद आली.

खरी गंमत कोल्हापूरची आहे. कोल्हापूरची गादी ही ताराबाईंच्या पक्षाची, म्हणजे पहिल्या शाहूंच्या प्रतिस्पर्ध्यांची. १७३१ च्या वारणेच्या तहाने दोन्ही राज्यांच्या हद्दी ठरल्या तेव्हा कोठे भाऊबंदकी निवली. त्याच कोल्हापुरात १८८४ साली कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि त्यांस नाव मिळाले ते शाहू! दीडशे वर्षांत वैर विसरले गेले आणि प्रतिपक्षाचे नाव घरचे झाले. १९०२ साली सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारे, सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारे, विद्यार्थ्यांसाठी जातवार वसतिगृहे उभारणारे शाहू ते हेच. १९१९ साली कानपूरच्या कुर्मी क्षत्रिय परिषदेत त्यांस ‘राजर्षी’ ही पदवी मिळाली. आणि १९९७ साली कानपूर विद्यापीठास त्यांचेच नाव देण्यात आले. त्या प्रांतात साहू हे व्यापारी व तेली लोकांचे आडनाव आहे. ‘साहु’ या शब्दाचे एक घर जेथे आजही नांदते, तेथेच राजाचे हे नाव पाहुणे म्हणून गेले, असे म्हटले तरी चालेल.

या मालिकेत आणखी एक शाहू आहेत. नागपूरकर भोसल्यांच्या घरात १९४८ साली जन्मलेले दिलीपसिंहराव १९६२ मध्ये कोल्हापुरास दत्तक आले व शाहू छत्रपती झाले. २०२४ साली ते लोकसभेवर निवडून गेले. ज्या परसोजींनी पहिल्या शाहूंस ताटात घेऊन ओळख दिली, त्यांच्याच घराण्यातून हे नाव धारण करणारा पुरुष यावा, हा योग विलक्षण खरा.

शिवाजी, यशवंतराव, दिलीपसिंहराव : या तिघांपैकी कोणीही पाळण्यात शाहू नव्हता. हे नाव बारशाचे नाही. पुढे प्राप्त झालेले आहे, आणि प्रत्येकाने त्यात आपला अर्थ घातला आहे. म्हणूनच एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या खाती मांडणे हा दोघांवरही अन्याय होय. पेशव्यांस वाढविणारे शाहू वेगळे आणि वसतिगृहे काढणारे शाहू वेगळे. घरातील मुलांनी ‘शाहू महाराज कोण?’ असे विचारल्यास वडीलधाऱ्यांनी उत्तर देण्यापूर्वी ‘कोणत्या गादीचे, कोणत्या सालचे?’ असे विचारावे. तेवढ्या प्रश्नानेच मुलांस इतिहासाचा पहिला धडा मिळेल.