सागरी मत्स्यसंवर्धनातील जिवाणुजन्य रोग

समुद्रात, खाडीत किंवा किनाऱ्यालगतच्या टाक्यांत पाळलेल्या माशांना जिवाणूंमुळे होणारे रोग. सामन, ट्राउट, सी-बास, सी-ब्रीम, यलोटेल, जिताडा, मोदुसा (कोबिया) हे त्यांना बळी पडणारे प्रमुख मासे. हे रोग घडवणारे बरेच जिवाणू समुद्राच्या पाण्यात, गाळात आणि मोकळ्या माशांच्या अंगावर मुळातच असतात. जाळीच्या पिंजऱ्यात माशांची दाटी झाली, प्राणवायू घटला, हाताळताना खवले निघाले किंवा तापमान एकाएकी बदलले की त्यांचा उपद्रव सुरू होतो. म्हणून मेलेल्या माशाच्या त्वचेवर एखादा जिवाणू सापडला, एवढ्यावरून निदान करू नये. नुकत्याच मेलेल्या किंवा मरणासन्न माशाच्या वृक्कातून व प्लीहेतून जिवाणू वाढवून पाहणे आवश्यक असते.

व्हिब्रिओसिस : सर्वांत जुना नोंदलेला रोग. इटलीतील कोमाक्यो येथील खाजणांत ईल मासे अंगावर लाल चट्टे येऊन मरत असल्याचे वर्णन बोनावेरी यांनी 1761 मध्ये केले. कानेस्ट्रिनी यांनी 1893 मध्ये त्याचा संबंध एका जिवाणूशी जोडला आणि 1909 मध्ये बर्गमन यांनी त्याला व्हिब्रिओ अँग्विलॅरम हे नाव दिले. पुढे त्याची प्रजाती एकदा बदलून पुन्हा पूर्ववत झाली. परांच्या बुडाशी, तोंडाभोवती व गुदद्वाराशी लाली, काळवंडलेली त्वचा, रक्ताळलेले व्रण आणि सुजलेली प्लीहा ही लक्षणे होत. तीव्र साथीत लहान मासे लक्षणे दिसण्याआधीच मरतात. या जिवाणूची मारकशक्ती लोहाशी निगडित आहे. माशाच्या रक्तातील लोह प्रथिनांनी घट्ट धरून ठेवलेले असते. ते ओढून घेणारी यंत्रणा जिवाणूच्या अनेक वाणांत एका प्लाझ्मिडवर (गुणसूत्राबाहेरील डीएनएच्या वलयावर) असते, असे जॉर्ज क्रोसा यांनी 1980 मध्ये दाखवले. हा प्लाझ्मिड गमावलेला वाण जवळजवळ निरुपद्रवी ठरतो. उष्ण समुद्रांत व्हिब्रिओ हार्वेयी आणि व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकस अधिक आढळतात.

हित्रा रोग : नॉर्वेच्या हित्रा बेटावर ग्रॉन्टवेड बंधूंनी 1970 मध्ये तरंगत्या पिंजऱ्यांत सामन वाढवून आधुनिक सामनशेतीचा पाया घातला. सत्तरीच्या दशकाअखेर त्याच परिसरात हिवाळ्यात मासे रक्तस्रावाने मरू लागले. कारणाविषयी प्रारंभी मतभेद होते. काही अभ्यासकांनी ई जीवनसत्त्वाच्या कमतरतेकडे बोट दाखवले होते. 1986 मध्ये एगिडियस व सहकाऱ्यांनी व्हिब्रिओ सामोनिसिडा (आता अलिव्हिब्रिओ) या जिवाणूचे वर्णन केल्यावर जिवाणुजन्य कारण सर्वमान्य झाले. लस आल्यावर हा रोग नॉर्वेत जवळपास दिसेनासा झाला.

फुरुंक्युलोसिस आणि लसीकरण : हा रोग घडवणाऱ्या एरोमोनास सामोनिसिडा या जिवाणूचे वर्णन जर्मनीतील ट्राउटच्या साथीवरून 1894 मध्ये एमरिख व वायबेल यांनी केले. नॉर्वेच्या सागरी पिंजऱ्यांत तो 1985 मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या पिलांबरोबर पसरला आणि 1992 अखेर पाचशेहून अधिक मत्स्यशेतांत पोचला. रोगट पिलांची आयात किती महागात पडते, याचे हे ठळक उदाहरण आहे. हित्रा रोगाच्या काळात, 1987 मध्ये, नॉर्वेने सु. 50 हजार टन सामनासाठी सु. 48 टन प्रतिजैविके वापरली होती. नव्वदीच्या दशकारंभी तैलयुक्त लसी आल्यावर चित्र पालटले. आज उत्पादन दहा लाख टनांच्या वर आहे आणि 2015 पासून प्रतिजैविकांचा वार्षिक वापर एक टनाच्याही खाली राहिला आहे. मत्स्यरोगशास्त्रात याच्या तोडीचे दुसरे यश नाही.

समुद्रात सोडण्याआधी गोड्या पाण्यातील पिलांना गुंगी देऊन एकेकाला ही लस टोचली जाते. सुई पोटाच्या मध्यरेषेवर, श्रोणिपरांच्या किंचित पुढे घालतात. मात्रा 0.05 ते 0.1 मिलि. इतकी अल्प असते. सुई कमी घुसली तर लस स्नायूत जिरते, जास्त घुसली तर आतड्यात जाते. प्रतिकारशक्ती येण्याचा काळ अंश-दिवसांत मोजतात : 10° से. तापमानाच्या पाण्यात 50 दिवस म्हणजे 500 अंश-दिवस. तेलामुळे पोटातील अवयव एकमेकांना चिकटतात. मणक्याच्या विकृतींशी लसीचा संबंध किती, याबाबत एकमत नाही.

पिसिरिकेटसिओसिस : चिलीतील पोर्तो मोंत परिसरात 1989 मध्ये कोहो सामनाच्या मोठ्या मरतुकीतून ओळखला गेला. पिसिरिकेट्सिया सामोनिस हा जिवाणू माशाच्या पेशीच्या आत राहतो. त्यामुळे लस दिल्यावरही संरक्षण फार काळ टिकत नाही. चिलीने 2014 मध्ये साडेपाचशे टनांहून अधिक प्रतिजैविके वापरली, त्यांत फ्लॉर्फेनिकॉल प्रमुख होते आणि त्यांतला बहुतांश वापर याच रोगासाठी झाला. ही चिंतेची बाब आहे. समुद्रात उतरलेले औषध पिंजऱ्यापुरते राहत नाही.

फोटोबॅक्टेरिओसिस : 1963 मध्ये अमेरिकेतील चेसापीक उपसागरात प्रथम नोंद. नंतर जपानमधील यलोटेल व भूमध्य समुद्रातील सी-ब्रीममध्ये. जीर्ण स्वरूपात प्लीहा उघडल्यास मोहरीएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतात.

इतर रोग : टेनासिबॅक्युलम मॅरिटिममने तोंड व पर झिजतात. मोरिटेला व्हिस्कोसाने थंड पाण्यात हिवाळी व्रण होतात. रेनिबॅक्टेरियम हा जिवाणू अंड्याच्या आतून पुढच्या पिढीत जातो. जपानमध्ये लॅक्टोकोकस गार्व्हिए, तर जिताड्यात स्ट्रेप्टोकोकस इनिए महत्त्वाचे.

भारत : केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने 2007 मध्ये विशाखापट्टणम येथे खुल्या समुद्रातील पिंजऱ्याचा प्रयोग सुरू केला. मोदुसा व जिताडा यांच्या पिंजऱ्यांत व्हिब्रिओसिसच्या नोंदी झाल्या आहेत. कोकणातील खाड्यांमध्ये जिताड्याचे पिंजरे आहेत. पावसाळ्यात खाडीची क्षारता झपाट्याने उतरते, तेव्हा माशांवर मोठा ताण पडतो. क्लोरॅम्फेनिकॉल व नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकांच्या वापरावर मत्स्यसंवर्धनात बंदी आहे.

माणसास संसर्ग : मायकोबॅक्टेरियम मॅरिनम (फिलाडेल्फियातील मत्स्यालयाच्या माशांवरून 1926 मध्ये वर्णिलेला जिवाणू) माशाचा काटा लागून हातात शिरतो व हट्टी गाठी निर्माण करतो. सुमारे 30° से. तापमानाला तो उत्तम वाढतो. त्यामुळे संसर्ग सहसा शरीराच्या तुलनेने थंड भागांपुरता, म्हणजे हातापायांपुरता राहतो. पिंजऱ्यावर काम करणाऱ्यांनी हातमोजे वापरावेत आणि जखम बरी होत नसल्यास आपला व्यवसाय डॉक्टरांना आवर्जून सांगावा.