अद्रकाची सड आणि ‘बुरशी’ या शब्दाचा घोटाळा

बीड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुष्काळ, ऊसतोडीला निघालेली कुटुंबं आणि पाण्याचे टँकर येतात. त्याच जिल्ह्यात एक पीक पाण्यानेच कुजतं. ते म्हणजे अद्रक. पुस्तकात आपण आले म्हणतो, बीडकडे अद्रकच. उन्हाळ्यात विहिरीच्या तळच्या पाण्यावर बेणं जगवायचं आणि पावसाच्या झडीत काळ्या रानात पाणी तुंबलं की वाफ्यांमागून वाफे पिवळे पडताना पाहायचे. शेतकरी त्याला सड म्हणतो, पत्रकात तिचं नाव कंदकूज.

मग माणूस कृषी सेवा केंद्रात जाऊन बुरशीनाशक मागतो. पण कोणतं? हा प्रश्न समजायला आपल्याला थोडं मागे जावं लागेल.

1845 साली आयर्लंडमध्ये बटाटा शेतात आणि साठवणीत कुजला. त्यानंतरच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. तेव्हा अनेक जाणत्यांचं म्हणणं होतं की दमट हवेने पीक कुजतं आणि बुरशी नंतर येते. बुरशीच मूळ कारण आहे हे पक्कं व्हायला पुढची पंधरा-वीस वर्षं गेली. औषध तर त्याहून उशिरा, आणि तेही योगायोगाने. फ्रान्सच्या बोर्डो भागात वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना मारत. त्याच वेली केवड्यापासून वाचल्या, हे मिलार्दे या प्राध्यापकांनी हेरलं आणि 1885 मध्ये प्रसिद्ध केलं. तेच आपलं बोर्डो मिश्रण.

आता आपल्या बाजूला येऊ. एडविन बटलर हे मूळचे आयर्लंडचेच. बिहारमधल्या पुसा इथे ते सरकारी बुरशीशास्त्रज्ञ होते. 1907 साली त्यांनी अद्रकाच्या कुजीची नोंद केली ती सुरतेची, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातली. कारण निघालं पिथियम. बीडच्या वाफ्यात आजही बहुधा याच कुळातला शत्रू असतो.

गंमत पुढे आहे. पिथियम काय, बटाट्याचा करपा काय, द्राक्षाचा केवडा काय, दिसायला बुरशीसारखे, पण नात्याने समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या जवळचे. शास्त्रज्ञांनी त्यांना खऱ्या बुरशींतून केव्हाच वेगळं काढलंय. आपल्या बोलण्यात मात्र सगळ्यांना एकच शब्द, बुरशी. त्यामुळे कार्बेन्डाझिमसारखं नावाजलेलं औषध सडीवर ओतलं जातं. ते इतर बऱ्याच बुरशींवर चांगलं, पिथियमवर मात्र चालत नाही. उधारीवर आणलेला पुडा अशा वेळी वाया जातो, आणि दोष औषध बनावट असल्याला दिला जातो. तसंही असू शकतं म्हणा, पण दरवेळी नाही.

पिथियमवर चालणारं मेटॅलॅक्झिल 1970 च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आलं. पण ते रोगाच्या एकाच नसेवर बोट ठेवतं. 1980 मध्येच आयर्लंड आणि नेदरलँड्समध्ये बटाट्याचा करपा त्याला जुमानेना. म्हणून ते मॅन्कोझेबच्या जोडीने देतात, आणि तेही बेणेप्रक्रियेला किंवा सड दिसू लागताच आळवणीला. पिचपिचीत झालेला कंद त्याने परत भरत नाही. आमच्या मते बीडच्या काळ्या रानात खरं काम लागवडीआधीच होतं: निरोगी बेणं, उंच गादीवाफा, पाणी काढून देणारा चर, आणि गेल्या साली सड आलेलं रान टाळणं.

औषध आणण्याआधी एक करून पाहा. मर आलेलं झाड बुडाशी कापा आणि तो तुकडा काचेच्या ग्लासात स्वच्छ पाण्यात धरा. काही मिनिटांत दुधासारखी धार खाली उतरली, तर ती जिवाणूजन्य मर आहे. तिथे कोणतंच बुरशीनाशक उपयोगाचं नाही. ते झाड मातीसकट उचलून रानाबाहेर न्या आणि त्या वाफ्यातलं बेणं पुढच्या साली ठेवू नका.