एकच तारीख, एकच घर

पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांचा नोंदणी पद्धतीने विवाह झाला तो १२ जून १९४६ रोजी, रत्नागिरीत. पुण्यात पु. लं.चे निधन झाले तेही १२ जूनलाच, सन २००० मध्ये. विवाहाला त्या दिवशी ५४ वर्षे पूर्ण झाली होती. पुढे ७ नोव्हेंबर २००९ रोजी सुनीताबाई गेल्या आणि दुसऱ्याच दिवशी पु. लं.च्या जन्माला नव्वद वर्षे पूर्ण झाली. बाबा आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा. त्यांचे पुत्र डॉ. प्रकाश आमटे यांचाही २६ डिसेंबरचाच, सन १९४८ चा. आपल्या उपासनेत हा संत स्तेफनचा सण.

असे योग ऐकले की मन हेलावते. परंतु पाटससारख्या गावातील एखाद्या घरी वडिलांच्या स्मृतिदिनीच थोरला मुलगा दगावला, तर कौतुकाची जागा भीती घेते. ती तारीख घातवार ठरते. कोणाचा तरी दोष शोधला जातो. म्हणून या योगांचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

ठरावीक दोन व्यक्तींचा जन्मदिवस एक असण्याचा संभव ३६५ मध्ये एक. मात्र पाच जणांच्या कुटुंबात दहा जोड्या होतात. त्यांपैकी एखादी जुळण्याचा संभव सुमारे ३७ मध्ये एक इतका वाढतो. म्हणजे अशा ३७० कुटुंबांच्या धर्मग्रामात सुमारे दहा घरी हा योग सहज आढळावा. त्यात विवाहाचे व मृत्यूचे दिवसही धरले, तर २३ तारखांत दोन जुळण्याचा संभव निम्म्याहून अधिक भरतो. आदला-दुसरा दिवसही मोजू लागलो, तर तो आणखी वाढतो.

शिवाय प्रत्येक जुळणी ही निव्वळ योगायोगाची नसते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये स्नानसंस्कार व विवाह यांच्या नोंदवह्या बंधनकारक केल्या. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने मृत्यूची वही सांगितली. या वह्या वाचताना काळाच्या चालीरीती ध्यानात घ्याव्या लागतात. उपवासकाळात विवाह टाळले जात, त्यामुळे ते उरलेल्या महिन्यांत दाटत. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत एकाच घरातील माणसे एकाच दिवशी दगावली, त्यास कारण साथ होती, शाप नव्हे. आणि महाराष्ट्रातील कित्येक भावंडांचा जन्मदिवस दाखल्यावर १ जून आढळतो, तो पाळण्यातला नव्हे. जन्मनोंद नसलेल्या मुलांना शाळेत घालताना गुरुजींनी लिहिलेला तो दिवस आहे.

शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असा प्रश्न प्रभू येशूने केला आणि स्वतःच नकार दिला. तारखांनाही हेच लागू पडते. तारीख कोणाला बोलावून नेत नाही. वडिलांच्या स्मृतिदिनी मुलगा गेलेल्या घराने त्या दिवसाला भिऊ नये. दोघांसाठी एकच मिस्सा अर्पण करावी, दोघांची नावे एकत्र घ्यावीत. मागे राहिलेल्या विधवा सुनेला त्या तारखेचा जाब मात्र कोणी विचारू नये.